तीन अर्जांची पोच

मी जन्माची भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी माझ्याकडून पराक्रमाची वाट बघणार नाही. शाळेत असताना सेक्टर टूमधल्या आमच्या स्ट्रीटवर गाय बसलेली दिसली, तर मी दोन स्ट्रीट सोडून वळसा घालून जायची आणि उशीर झाला म्हणून बाईंचा मार खायची. बाईंचा मार नंतरचा होता आणि गाय आत्ता समोर होती, म्हणून मार परवडायचा. मोठेपणी गाईंची भीती गेली आणि तिची जागा साहेबांनी घेतली, एवढाच फरक.

बाबा भिलईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. कोण किती वाजता गेटातून आत आला, कोणाची कुठली शिफ्ट, कोण रजेवर, हे सगळं त्यांच्या रजिस्टरात. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या वेळा लिहिल्या. त्यामुळे आमच्या घरात देवापेक्षा घड्याळाला मान जास्त आणि घड्याळापेक्षा कागदाला. कोणी कागद हातात दिला की त्यावर 'मिळाला' लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची. पोच म्हणजे कबुली नव्हे, कागद आला एवढंच, असं बाबा समजावून सांगायचे. शेजारच्या काकूंनी हळदीकुंकवाची चिठ्ठी पाठवली तरी ते तिच्यावर पोच लिहून चिठ्ठी परत पाठवायचे. आई कपाळावर हात मारून घ्यायची. आई गेली, सवय राहिली, आणि ती मलाही लागली.

पीएच.डी. झाल्यावर मी भिलईतल्याच एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात लागले, पहिल्या वर्षाला केमिस्ट्री शिकवायला. दोन वर्षांचं प्रोबेशन होतं. ते संपलं की एक कमिटी बसायची, फाईल बघायची, मुलाखत घ्यायची आणि माणसाला पक्कं करायची, नाहीतर हात जोडून घरी पाठवायची. पक्क्या लोकांनाच कॉलेजच्या आवारात राहायला क्वार्टर मिळायचं. आमच्या दृष्टीनं तोच सगळ्यात मोठा प्रश्न होता. बाबा रिटायर झाले होते आणि सेक्टर टूचं क्वार्टर सोडायची मुदत एकदा वाढवून घेऊन झाली होती. दुसऱ्यांदा ती वाढणार नव्हती. बाबा मूळचे अमरावतीकडचे, पण तिकडे आता ओळखीचं दार उरलं नव्हतं. मी पक्की झाले नाही तर या माणसाला घेऊन कुठे जायचं, हा हिशोब मी दोन वर्षं रोज रात्री मांडत होते. सबब म्हणून सांगत नाही, पण मांडत होते.

माझ्याबरोबर त्याच महिन्यात आमच्याच विभागात आणखी एक जण लागली. ती उतईच्या पलीकडच्या एका खेड्यातली, छत्तीसगढी, घरातली पहिली शिकलेली. तिचं आडनाव ऐकलं की स्टाफरूममधले लोक अर्धा क्षण थांबायचे आणि मग जरा जास्तच गोड बोलायचे. पहिल्या दिवशी ती फाईल छातीशी धरून विभागप्रमुखांच्या दारात उभी राहिली, तर सरांनी मान वर न करताच सांगितलं, "पानी भर के रख दो." तिनं पाण्याचा जग उचलला, भरून आणला, टेबलावर ठेवला आणि मग त्याच्या शेजारी आपलं नेमणूकपत्र ठेवलं. सर खूप हसले. पुढे वर्षभर हा किस्सा ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, तोही तिच्यासमोर, आणि सगळे हसत. मीही हसायची. तीही हसायची, पण सगळ्यांच्या नंतर.

भिलईत हे काही नवं नाही. कारखान्यासाठी जमिनी गेल्या त्या आसपासच्या खेड्यांच्या, आणि कारखान्याच्या मागोमाग आलो ते आम्ही, कोणी विदर्भातून, कोणी केरळातून, कोणी बंगाल-बिहारमधून. इतकी वर्षं इथलं पाणी पिऊनही इथल्याच माणसाला पाणी भरायला सांगायची सवय काही गेली नाही. आमचे सर दुसऱ्या राज्यातले, मी अमरावतीकडची, आणि आमच्या विभागात देहाती कोण, तर ती.

शिकवण्यात ती माझ्यापेक्षा चांगली होती. हे मी आज मोठेपणा म्हणून म्हणत नाही. तेव्हाही मला ते कळत होतं आणि झोंबत होतं. लॅबमध्ये खेड्यातून आलेली मुलं ब्युरेटकडे नुसती बघत उभी राहायची. ती जवळ जाऊन समजलं का, असं छत्तीसगढीत हळूच विचारायची, "समझ म आइस का?" आणि मुलं बोलायला लागायची. सरांना ते खपत नसे. "कॉलेज है, चौपाल नहीं," असं ते म्हणायचे. आम्ही दोघी एकाच टेबलावर बसायचो. तिच्या डब्यात तांदळाच्या पिठाचा चीला नाहीतर फरा असायचा, मी तिला आमचा झुणका द्यायची. ती मला दीदी म्हणायची.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला सरांनी टाइमटेबलचं काम माझ्याकडे दिलं. हे काम धाकट्यांपैकी कोणाच्या तरी गळ्यात मारायचं, अशी आमच्याकडची रीत. कोणाला शनिवार मोकळा हवा, कोणाला जेवणानंतरचा तास नको, सगळ्यांची मर्जी राखायची आणि खाली सही आपली, म्हणजे शिव्याही आपल्यालाच. मी कच्चा तक्ता घेऊन सरांकडे गेले. त्यांनी सकाळी आठच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ये उनको दे दीजिए. पाँचों दिन."

मी म्हटलं, सर, त्या उतईकडून येतात. आई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली आहे, तिचं सगळं आवरून निघतात. त्यांची बस आठच्या आत पोचत नाही, मधे रेल्वेचं फाटक लागतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तो?" मग हसून म्हणाले, "मैडम, इस साल आपका भी कन्फर्मेशन है ना?"

बस, एवढंच. आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. मी केबिनमधून बाहेर आले. मी आठच्या रकान्यात पाच वेळा तिचं नाव लिहिलं, तक्त्याखाली सही केली आणि नोटीस बोर्डवर लावून टाकला. सरांचा हुकूम कुठल्याही कागदावर नव्हता. कागदावर होती ती माझी सही.

कॉलेजात अंगठ्याचं मशीन होतं. आठ वाजून पाच मिनिटांनंतर अंगठा लावला की नावापुढे लाल खूण यायची. ती रोज आठ-वीस, आठ-पंचवीसला धापा टाकत पोचायची. मुलं उठून न जाता तिची वाट बघत बसलेली असायची, आणि राहिलेला भाग ती जेवणाच्या सुट्टीत शिकवून पुरा करायची. डबा मग उभ्याउभ्या खायची. मशीनमध्ये यातलं काही जात नव्हतं, फक्त लाल खूण जात होती.

पंधरा दिवसांनी तिनं मला पहिला अर्ज दिला. आठचा तास सगळ्यांनी पाळीपाळीनं घ्यावा, नाहीतर त्याऐवजी मला संध्याकाळचा शेवटचा तास रोज द्यावा, इतकीच मागणी. दोन प्रती होत्या. एक मी ठेवून घेतली आणि दुसरीवर सवयीनं लिहिलं: प्राप्त, खाली सही, खाली तारीख. "दीदी, देखना," म्हणून ती गेली. मी अर्ज सरांना दिला, त्यांनी तो न वाचता ड्रॉवरमध्ये टाकला. दिवाळीच्या आधी दुसरा अर्ज आला, नव्या सेमिस्टरला तिसरा. तिन्हींची पोच मी दिली. दुसरी कोणी असती तर 'ठेवून जा' म्हणाली असती आणि विषय तिथेच मिटला असता. पण टाइम ऑफिसच्या क्लार्कच्या मुलीला कागद घेतला की पोच दिल्याशिवाय राहवत नाही.

बाबांना तक्ते बघायचा नाद होता. एका संध्याकाळी माझ्या पर्समधून टाइमटेबल काढून ते चष्मा लावून बसले आणि रकान्यांवरून बोट फिरवू लागले.

"हे बाई रोजच सकाळच्या पाळीले कावून हाय?"

"तिलेच पाह्यजे होतं, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी बोट तिथेच ठेवलं. "आमच्या इथं एकाच मानसाले सारखी नाइट लावली असती, तं युनियनवाल्यांनी माहा टेबल उलटा केला असता. गेटवरची मशीन सगळ्याले सारखी रायते, बाई. पन शिफ्ट कोन लावते, ते पाहा लागते. म्हनून तं रोटेशन ठेवलं होतं आमी."

मी उठून भाजी गरम करायला गेले. खोटं मी दोन सेकंदांत बोलले होते, काही तयारी न करता, आणि ते इतकं सहज निघालं होतं की मला माझीच भीती वाटली. हेच कोणी कॉलेजात विचारलं तर मी काय सांगेन, हे मला त्या दिवशी गॅससमोर उभी असताना कळून चुकलं होतं. फक्त कोणी विचारू नये, एवढीच प्रार्थना मी त्यानंतर करत राहिले.

पण विचारलंच. उन्हाळ्याच्या तोंडावर कमिटी बसली. प्राचार्य, आमचे सर, मॅनेजमेंटचे एक गृहस्थ आणि रायपूरहून बोलावलेल्या एक रिटायर प्रोफेसर बाई, पांढऱ्या केसांच्या. माझी मुलाखत बरी झाली. मी पर्स उचलून उठणार, तेवढ्यात त्या बाईंनी दुसरी एक फाईल पुढे ओढली. ती कोणाची आहे हे मला वरूनच कळलं. बाईंनी मशीनची यादी पुढे धरली आणि म्हणाल्या, "टाइमटेबल आप बनाती हैं ना? इनके सारे लेट पहले पीरियड के हैं. इन्होंने कभी टाइम बदलने को कहा था?"

खोलीतला कूलर घरघरत होता. सर पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते, माझ्याकडे बघत नव्हते. बाईंनी अगदी योग्य जागी बोट ठेवलं होतं. त्या खोलीत निष्पक्ष असं एकच माणूस होतं आणि त्या माणसानं एकच प्रश्न विचारला होता, तोही मला.  बाबांचं क्वार्टर डोळ्यांपुढे आलं, सरांचं हसणं आलं.

"नहीं मैडम," मी म्हटलं.

"कभी नहीं?"

"कभी नहीं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि फाईलवर एक ओळ लिहिली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, या म्हणीचा शाळेत वाक्यात उपयोग करून मी पूर्ण गुण मिळवले होते. दांड्याला काय वाटतं, हे तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

दहा दिवसांनी आम्हा दोघींच्या टेबलावर दोन लिफाफे आले. माझ्यात मी पक्की झाले होते. तिच्यात लिहिलं होतं की वारंवार उशीर आणि संस्थेच्या शिस्तीशी न जुळणारं वर्तन यांमुळे प्रोबेशननंतर सेवा पुढे चालू ठेवता येत नाही. तिनं ते दोनदा वाचलं. मला म्हणाली, "बधाई हो दीदी." मग प्रॅक्टिकलची बॅच थांबली आहे म्हणून एप्रन घालून लॅबमध्ये गेली. पेढ्यांचा डबा मी सकाळीच पर्समध्ये घालून आणला होता. तो मी तसाच घरी परत नेला.

सर मला जिन्यात भेटले. "अच्छा किया आपने," असं म्हणाले. नक्की काय चांगलं केलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आठवड्याभरात कळलं की तिनं अपील केलं आहे. आणि तेव्हा, फार उशिरा, माझ्या लक्षात आलं की त्या तिन्ही अर्जांच्या दुसऱ्या प्रती तिच्याकडे आहेत. माझ्या सहीच्या, माझ्या तारखांच्या. कमिटीपुढे मी 'कधीच नाही' असं सांगितलं होतं आणि तिच्या फाईलमध्ये मी तीनदा 'हो' लिहून दिलं होतं. हात दगडाखाली सापडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. चोराच्या मनात चांदणं. शिपाई कुठलाही कागद घेऊन आला की मी आधी खाली सही कोणाची ते बघायची. नोटिशीचे दिवस संपेपर्यंत ती कामावर येतच होती; ती पर्सची चेन उघडायची तरी मी दचकायची, आणि ती रुमाल काढायची. मी डबा घेऊन लायब्ररीत जाऊन बसायला लागले. तिनं एकदा विचारलं, "दीदी, तबीयत ठीक है?" मी म्हटलं, उन्हाळा बाधला. सरांच्या ड्रॉवरमधल्या प्रती आता असणार नाहीत, हे मला न बघताच माहीत होतं. म्हणजे जगात पुरावा एकाच ठिकाणी होता, उतईच्या पलीकडे एका घरात. एकदा ऑटोत बसलेली असताना मनात आलं, त्या घराला आग लागली तर? मग त्या घरात चालता न येणारी एक बाई झोपलेली आहे, हे आठवलं. मी ऑटो थांबवायला लावून खाली उतरले आणि राहिलेला रस्ता पायी गेले. आपण कशाला घाबरत आहोत, हेच मला कळेनासं झालं होतं.

इकडे घरी बांधाबांध सुरू झाली होती. कॉलेजचं क्वार्टर पुढच्या महिन्यात मिळणार होतं. बाबा भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे त्याची यादी चिकटवत. ते खूश होते. त्यांच्याकडे बघायचं मी टाळायची.

एका रविवारी दुपारी ती आमच्या दारात आली. बाबांनीच दार उघडलं. ती वाकून त्यांच्या पाया पडली आणि माझी सहकारी म्हणून तिनं आपली ओळख करून दिली. बाबांनी एक खोकं सरकवून खुर्ची मोकळी केली, पाणी आणून दिलं. तिनं इकडेतिकडे बघितलं, सगळी खोकी बघितली, आणि पर्समधून तीन कागद काढून टेबलावर ठेवले.

कागद दिसला की बाबांचा हात जाणारच. त्यांनी चष्मा लावला. "सही तं तुहीच हाय," ते मला म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "तारीख बी टाकली बरोबर." मग ते वाचू लागले. पहिला वाचला, दुसरा वाचला. तिसरा वाचताना ते खुर्चीच्या कडेला बसले.

"हे कमिटीत विचारलं होतं का तुले?"

"हो."

"मंग काय सांगितलं तू?"

खोटं बोलायची सोय उरली नव्हती. ती समोर बसली होती. "नाही म्हटलं, बाबा. तिनं कधी अर्जच केला नाही, असं सांगितलं."

 बाबांनी तिन्ही कागद तारखेप्रमाणे लावून पुन्हा तिच्यासमोर ठेवले.

ती धमकवायला आली नव्हती. आली असती तर बरं झालं असतं, मला चिडता तरी आलं असतं. तिनं शांतपणे सांगितलं की बुधवारी सुनावणी आहे, अकरा वाजता. रायपूरच्या त्याच बाई येणार आहेत. हे कागद लावले तर त्या नक्की बघतील. "पर दीदी, ये लगाऊँगी तो आपका भी जाएगा. झूठ बोलने में. फिर अंकल का घर भी जाएगा. इसलिए पूछने आई हूँ." तिला माहीत होतं. मी नाही म्हटलं हे तिला बहुतेक माझ्यानंतरच्या तिच्या मुलाखतीतच, कमिटीच्या प्रश्नांवरून कळलं होतं, आणि त्यानंतर इतके दिवस ती माझ्या शेजारी बसून माझी तब्येत विचारत होती.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी काहीतरी बोलावं, तिला समजवावं, नाहीतर मला रागवावं, काहीही करावं, पण माझ्याऐवजी त्यांनी बोलावं.

"माह्याकडं नोको पाहू," बाबा म्हणाले. "सही तुही हाय."

"लगा दो," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुढे वाकावं लागलं. "क्या दीदी?" मी पुन्हा म्हटलं, "लगा दो." तिनं मान हलवली. बाबांनी चहा केला. ती चहा पिऊन, कप धुऊन ठेवून, बसच्या वेळेला निघून गेली. बाबा तिला कोपऱ्यापर्यंत पोचवून आले.

मधले दिवस मी वाक्यं पाठ करत होते. ही सही माझी आहे. अर्ज तिन्ही मला मिळाले होते. आठचा तास पाचही दिवस सरांनी द्यायला लावला. मागच्या वेळी मी खोटं बोलले. स्वयंपाकघरात खोक्यांच्या मधे उभी राहून मी हे हिंदीत म्हणून बघायची आणि चौथ्या वाक्याला अडकले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. बाबांनी एकदा ऐकलं असावं. ते आत येऊन पाण्याचा ग्लास ठेवून गेले. भीती कमी झाली नव्हती. पण या वेळी मी भीतीसकट जाणार होते, हे मी ठरवलं होतं.

बुधवारी साडेदहालाच मी कॉन्फरन्स हॉलबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. सर समोरून आत गेले, मला बघून क्षणभर थबकले आणि मग हसले. अकरा वाजले. ती आली नाही. सव्वाअकरा झाले. फाटक लागलं असेल, असं वाटलं. शेवटी मी फोन लावला. तिकडून पोरांचा गलका ऐकू येत होता.

ती म्हणाली, उतईजवळच्या एका शाळेत सायन्स शिकवायला लागले, आजपासूनच. अपील मागे घेतल्याचं पत्र काल ऑफिसात देऊन आले, आज कमिटी बसून ते नुसतं नोंदवून घेईल. मी विचारलं, आणि ते कागद? घरी आहेत म्हणाली. 

"आपने लगा दो बोला," ती म्हणाली, "पर मैंने आपका चेहरा देखा था, दीदी." तिच्या आवाजात राग नव्हता. मग शाळेची घंटा झाली आणि तिला वर्गावर जायचं होतं.

फोन हातात धरून मी बसले होते, तेवढ्यात हॉलचं दार अर्धं उघडलं आणि शिपाई बाहेर आला. आतून त्या पांढऱ्या केसांच्या बाई दारातून मला दिसत होत्या, माझ्याकडेच बघत होत्या. शिपाई म्हणाला, "मैडम पूछ रही हैं, आपको कुछ कहना है क्या?"

चारही वाक्यं माझ्या तोंडात तयार होती. त्यांना कागदाची गरज नव्हती, तिची गरज नव्हती. सही माझी होती आणि तोंड माझं होतं. दारापासून बाकापर्यंत दहा पावलं असतील.

"नहीं," मी म्हटलं, "मैं तो ऐसे ही बैठी थी."

जिना उतरताना मनात पहिल्यांदा काय आलं, ते लिहायलाच हवं. सुंठीवाचून खोकला गेला, असं आलं. अंग हलकं झालं, कित्येक महिन्यांनी भूक लागली. लाज वाटली ती नंतर, पार गेटापाशी पोचल्यावर.

घरी बाबा शेवटचं खोकं बांधून त्याच्यावरच बसले होते. "झालं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की तिनं अपील मागे घेतलं, तिला शाळेत नोकरी मिळाली, सुनावणी झालीच नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. सुतळीचा उरलेला तुकडा त्यांनी बोटाभोवती गुंडाळला.

"तिनं मागं घेतलं, ते समजलं," ते म्हणाले. "पन तू तं होती ना तिथं?"

मी हो म्हटलं.